‘पालक उदासीन’ हा शेरा लिहिण्यापूर्वी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खेड्यातील प्राथमिक शाळेत वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांची यादी तयार होते, तेव्हा कारणाच्या रकान्यात दोन शब्द पुनःपुन्हा लिहिले जातात : ‘पालक उदासीन’. हे शब्द लिहावयास सोपे आहेत. ते लिहिले, की चौकशी संपते. मूल उशिरा का येते, त्याच्याजवळ वही का नसते, पालकसभेला त्याच्या घरचे कोणी का फिरकत नाही, या साऱ्या प्रश्नांना एकच उत्तर मिळते आणि रकाना भरून निघतो. परंतु रकाना भरणे निराळे आणि मूल समजून घेणे निराळे. गरीब पालक व बेफिकीर पालक ही दोन वेगळी माणसे आहेत. शाळेच्या दारात उभे राहून पाहिले असता मात्र ती दोघे अगदी सारखी दिसतात. दोघेही सभेला येत नाहीत, दोघांचीही मुले उशिरा पोहोचतात, दोघांचेही देणे थकलेले असते. हा दृष्टिभ्रम कसा होतो व तो शिक्षकाने कसा टाळावा, हे उमजण्यासाठी एका परदेशी चित्रपटाचा विचार उपयोगी पडण्यासारखा आहे.

‘द परस्यूट ऑफ हॅपीनेस’ हा तो चित्रपट. डिसेंबर २००६ मध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक गाब्रिएले मुच्चीनो हे इटलीचे. पटकथा स्टीव्हन कॉनराड यांची. नायकाची भूमिका विल स्मिथ यांनी केली असून नायकाच्या लहान मुलाची भूमिका त्यांचा स्वतःचा मुलगा जेडन याने केली आहे. या भूमिकेसाठी ऑस्कर पारितोषिकाच्या नामांकनांत विल स्मिथ यांचे नाव होते. कथा कल्पित नाही. ख्रिस गार्डनर या गृहस्थांच्या आयुष्यावर ती आधारलेली आहे. त्यांचे याच नावाचे आत्मकथन २००६ मध्येच प्रसिद्ध झाले. नावाचा अर्थ ‘सुखाचा पाठलाग’ असा होतो. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात माणसाच्या हक्कांमध्ये सुखाचा नव्हे, तर सुखाच्या शोधाचा उल्लेख आहे. जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनने हा ‘शोध’ शब्द तेथे का घातला असेल, असा प्रश्न चित्रपटातील नायकाला पडतो. सुख हाती लागत नाही, त्याच्यामागे धावणे तेवढे आपल्या वाट्याला येते की काय, अशी शंका त्याच्या मनात डोकावते.

काळ १९८१ चा, स्थळ सॅन फ्रान्सिस्को शहर. ख्रिस हा हाडांची घनता मोजणारी यंत्रे डॉक्टरांच्या दवाखान्यांतून विकत हिंडणारा फिरता विक्रेता आहे. घरातील सारी शिल्लक खर्चून त्याने ती यंत्रे एकदम विकत घेऊन ठेवली. क्ष-किरणाच्या यंत्रापेक्षा त्यांचे चित्र थोडे अधिक स्पष्ट येते, पण किंमत मात्र फार. त्यामुळे डॉक्टरांना ती चैनीची वस्तू वाटते. यंत्रे खपत नाहीत, भाडे थकते, कराची बाकी वाढते. पत्नी धुलाईखान्यात पाळीवर पाळी करून थकून जाते आणि अखेर घर सोडून न्यूयॉर्कला निघून जाते. पाच वर्षांचा ख्रिस्तोफर वडिलांजवळ राहतो. पुढे ‘डीन विटर रेनल्ड्स’ या शेअर-दलालीच्या पेढीत ख्रिसला सहा महिन्यांची उमेदवारी मिळते. उमेदवार वीस, नोकरी एकाला. आणि चित्रपटात दाखविल्याप्रमाणे या सहा महिन्यांत वेतन काहीही नाही. एवढे कथासूत्र ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

आता हीच कथा शिक्षकाच्या खुर्चीवरून पाहावी. ख्रिस्तोफर ज्या पाळणाघरात दिवसभर असतो, तेथील चालिकेला या कुटुंबाविषयी काय दिसते? वडील मुलाला सोडण्यासाठी धावतपळत येतात आणि तसेच जातात. महिन्याचे पैसे वेळेवर देत नाहीत. मुलाचा पत्ता सारखा बदलतो. एवढ्या पुराव्यावर कोणीही शेरा मारील. परंतु प्रेक्षक त्या बापाबरोबर पाळणाघराच्या बाहेर पडतो, दिवसभर त्याच्यामागून चालतो, आणि म्हणून त्याला दुसरी बाजूही दिसते. चित्रपटाचा शिक्षकाला होणारा खरा उपयोग हाच आहे. शाळा सुटल्यावर मूल व पालक जेथे जातात, तेथवर तो शिक्षकाला घेऊन जातो.

पाळणाघरातील एक प्रसंग फार छोटा आहे, पण तो प्रत्येक शिक्षकाने मनाशी घोळवावा. मुलाला तेथे दूरचित्रवाणीवरील करमणुकीची मालिका दाखविली जाते, हे ख्रिसच्या लक्षात येते. तो हरकत घेतो. मालिकेत जहाज आहे, म्हणजे ती इतिहासाच्या अभ्यासासाठीच आहे, असे चालिका सांगते. ते त्याला पटत नाही. मग ती त्याला ऐकविते, की पैसे तर तुम्ही उशिरा देता आणि वर तक्रार करता! तक्रार रास्त होती. मुलाने दिवसभर काय शिकावे, याची काळजी तीत होती. परंतु ज्याचे देणे थकलेले आहे, त्याच्या तोंडची रास्त गोष्टही उद्धटपणाची वाटते. पाळणाघर चालविणारी बाई वाईट नाही. तिलाही आपला खर्च भागवावयाचा आहे. तरी झाले ते असे, की एका काळजीवाहू पालकाचे तोंड बंद झाले. अशी तोंडे एकदा बंद झाली, की पुढे पालकसभेत ती उघडत नाहीत; आणि मग ‘पालक सभेत काही बोलत नाहीत’ असाही शेरा पडतो.

याच पाळणाघराच्या भिंतीवर ‘हॅपीनेस’ हा इंग्रजी शब्द रंगविलेला आहे, आणि त्यात एक अक्षर चुकले आहे. ‘आय’ हवा तेथे ‘वाय’ लिहिला आहे. चित्रपटाच्या नावातही ती चूक मुद्दाम तशीच ठेवली आहे. ख्रिस ती चूक तेथे झाडलोट करणाऱ्या माणसाला दाखवितो. त्या बिचाऱ्याला इंग्रजीच येत नसते. भाडे थकलेले, यंत्र विकावयाचे, पुढच्या भेटीची वेळ टळून चाललेली. अशा घाईत या माणसाचे लक्ष भिंतीवरील एका अक्षराकडे जाते. का? आपला मुलगा ती भिंत रोज पाहतो, म्हणून. उदासीन पालकाला भिंतीवरचे अक्षर खुपत नाही.

पुढे एके दिवशी वाहन भलत्या जागी उभे केल्याचे दंड भरावयाचे राहिले, म्हणून पोलिस ख्रिसला घेऊन जातात व रात्रभर कोठडीत ठेवतात. त्या वेळी त्याची पहिली धडपड सुटकेसाठी नसते; पाळणाघरातून मुलाला कोण आणील, ही त्याची विवंचना असते. मूल घ्यावयास कोणी आले नाही, तर सरकारी बालकल्याण खाते त्याला ताब्यात घेईल, या भीतीने तो हवालदिल होतो आणि मुलाच्या आईला दूरध्वनी करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुटतो, तो थेट पेढीतील मुलाखतीला धावतो. घर रंगवीत असताना त्याला नेलेले असल्याने अंगावर रंगाचे डाग पडलेले कपडे तसेच असतात. ते कपडे पाहून समोरच्या अधिकाऱ्यांनी दार दाखविले असते, तर ही कथा तेथेच संपली असती. त्यांनी आधी हकीकत ऐकून घेतली. शाळेच्या दारात मळकट अंगरख्याने उभ्या राहणाऱ्या बापाची हकीकत ऐकून घ्यावयास शिक्षकाला किती वेळ लागेल? पाच मिनिटे पुरेत.

उमेदवारीच्या काळात सरकार कराच्या बाकीपोटी त्याच्या बँकेतील रक्कम काढून घेते. खात्यात अवघे एकवीस डॉलर व काही सेंट उरतात. राहते घर आधीच गेलेले असते, आता स्वस्त लॉजच्या खोलीलाही कुलूप लागते. त्या रात्री बापलेक रेल्वे स्टेशनवर येतात. येथे चित्रपटातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग घडतो. ख्रिसच्या हातात न खपलेले ते यंत्र असते. हे काळातून मागे नेणारे यंत्र आहे, असे तो मुलाला सांगतो. मुलगा डोळे मिटून बटण दाबतो. डोळे उघडताच बाप ओरडतो, की पाहा, भोवती प्रचंड डायनासोर फिरत आहेत, चल, गुहा शोधू! ती गुहा म्हणजे स्टेशनवरील शौचगृह. आतून कडी लावून, फरशीवर कागद पसरून, दोघे तेथे निजतात. रात्री कोणीतरी बाहेरून दार ठोठावू लागते. बाप पायाने दार रेटून धरतो, झोपलेल्या मुलाच्या कानांवर हात ठेवतो आणि निःशब्द रडतो.

या प्रसंगाकडे केवळ अश्रू ढाळण्यासाठी पाहू नये. बालशिक्षणाचे शास्त्र जाणणाऱ्याने येथे जरा थांबावे. आधी भय दूर व्हावे, मग शिक्षण व्हावे, हे तत्त्व प्रशिक्षणात सर्वांनी शिकलेले आहे. ज्याला ते कोणी शिकविले नाही, असा हा बाप जन्मातील सर्वांत वाईट रात्री तेच करतो. मुलाला त्या रात्रीचे भय वाटू नये, म्हणून तो तिचे खेळात रूपांतर करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ख्रिस्तोफर पाळणाघरात गेला असेल, तेव्हा त्याचे केस विस्कटलेले असतील, कपडे कालचेच असतील, डोळ्यांवर झोप असेल. बाईंना एवढेच दिसले असेल. गुहेची गोष्ट त्यांना कोण सांगणार?

पुढे त्यांना ‘ग्लाइड मेमोरियल’ या चर्चच्या रात्र-निवाऱ्याचा आसरा मिळतो. हे चर्च सॅन फ्रान्सिस्कोत खरोखरीचे आहे, आणि त्याचे धर्मोपदेशक रेव्हरंड सेसिल विल्यम्स यांनी चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली आहे; ते २०२४ मध्ये निवर्तले. तेथील जागा त्या एका रात्रीपुरती. सकाळी सारे सामान उचलून निघावयाचे आणि संध्याकाळी पुन्हा रांगेत उभे राहावयाचे. पाच वाजेपर्यंत रांग गाठली नाही, तर रात्र रस्त्यावर. पेढीतील इतर उमेदवार सायंकाळी उशिरापर्यंत बसून काम करू शकतात. ख्रिसला ते शक्य नाही. मग कमी वेळात तेवढेच काम कसे उरकावे? दूरध्वनीचा कर्ण दर वेळी खाली न ठेवता तो लागोपाठ पुढचा क्रमांक फिरवितो आणि त्यात दिवसाकाठी आठ मिनिटे वाचवितो. तो कामावर पाणी पीत नाही. कारण पाणी प्यायले, की शौचगृहात जाण्यात वेळ मोडतो. निवाऱ्यातील दिवे मालवले, की मिळेल त्या उजेडात बसून परीक्षेचा अभ्यास करतो. यंत्र नादुरुस्त होते, तेव्हा त्याचा दिवा आणण्यासाठी रक्त विकतो. पेढीचे वरिष्ठ अधिकारी टॅक्सीसाठी पाच डॉलर सहज उसने मागतात. त्या पाच डॉलरांत आपल्या घरची किती जेवणे आहेत, हे त्यांना ठाऊक नसते, आणि ख्रिस ते कळू देत नाही. निवाऱ्याची रांग गाठण्यासाठी बसच्या दिशेने धावत असता मुलाच्या हातातील आवडते खेळणे रस्त्यात पडते. मागे वळून ते उचलावे, एवढाही अवसर नसतो. मूल रडते, बाप त्याला बसमध्ये चढवितो. निष्ठुर दिसणाऱ्या त्या क्षणी बाप खेळण्याच्या बदल्यात मुलासाठी त्या रात्रीचे छप्पर मिळवीत असतो.

या साऱ्यावरून नायक हा कोणी देवमाणूस होता, असा समज होऊ नये. चित्रपटकाराने तसे दाखविलेले नाही, आणि हे त्याचे मोठेपण आहे. ख्रिस एकदा टॅक्सीचे भाडे न देता पळ काढतो. निवाऱ्याच्या रांगेत जागेसाठी दुसऱ्याशी झोंबतो. मुलाच्या बाबतीतही त्याचे एकदा चुकते. मुलगा बास्केटबॉल खेळताना आनंदाने सांगतो, की आपण मोठे खेळाडू होणार. बाप सहज बोलून जातो, की तुझा बाप या खेळात बेताचाच होता, तूही बहुधा तसाच निघशील. दिवसभर याच्यामागे लागू नकोस. मुलाचा चेहरा पडतो. तो मुकाट्याने चेंडू पिशवीत भरू लागतो. बाप ते पाहतो, आणि मग त्याला बजावून सांगतो, की तुला अमुक जमणार नाही असे कोणी म्हटले, अगदी तुझ्या बापाने म्हटले, तरी ते मानू नकोस.

येथे दोन गोष्टी घडतात. जीवनात वारंवार हरलेला मोठा माणूस स्वतःचे भय मुलाच्या मनात नकळत पेरतो, ही पहिली. वर्गात ‘तुझ्या भावाला नाही आले, तुला काय येणार’ हे वाक्य जेव्हा निघून जाते, तेव्हा हीच पेरणी चाललेली असते. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. बापाने मुलाचा उतरलेला चेहरा वाचला आणि आपला शब्द मुलासमक्ष परत घेतला. शिक्षकाच्या तोंडून शब्द जातोच, माणूसच तो. परंतु तो परत घेण्याने शिक्षकाचा मान उणावत नाही, उलट मुलाच्या मनातील त्याचे स्थान पक्के होते.

चित्रपट व प्रत्यक्ष यांत जे अंतर आहे, तेही सांगितले पाहिजे. कारण शिक्षकाने वर्गात सांगितलेली गोष्ट खरी असावी लागते. ख्रिस गार्डनर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९५४ चा, विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरातला. त्यांचा मुलगा त्या दिवसांत चित्रपटातल्यासारखा पाच वर्षांचा नव्हता. नुकता चालू-बोलू लागलेला होता. उमेदवारीच्या काळात त्यांना महिन्याला सुमारे एक हजार डॉलर विद्यावेतनही मिळत होते. पण ज्या भाड्याच्या खोलीत ते राहत होते, तेथे मूल ठेवण्यास मनाई होती. मूल जवळ घेतले आणि छप्पर गेले. मूल दुसऱ्याच्या हवाली केले असते, तर छप्पर राहिले असते. जवळजवळ वर्षभर बापलेकांना स्वतःचे घर नव्हते. आणि नोकरीतील सहकाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

असे त्यांनी का केले? त्यांच्या बालपणात याचे उत्तर आहे. सख्ख्या पित्याशिवाय ते वाढले. सावत्र पित्याचा मार त्यांनी व त्यांच्या आईने सोसला. काही काळ परक्यांच्या घरी काढला. सख्ख्या पित्याची पहिली भेट झाली, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. आपल्या मुलांना आपला बाप कोण, हे ठाऊक असेल, असा निश्चय त्यांनी लहानपणीच केला होता. पुढे १९८७ मध्ये त्यांनी शिकागो येथे स्वतःची दलाली-पेढी काढली व ते श्रीमंत झाले. चित्रपटाच्या अखेरच्या दृश्यात बापलेक रस्त्याने चालत असता समोरून एक गृहस्थ येतात आणि निघून जातात. ते स्वतः गार्डनर आहेत.

आता एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. हा चित्रपट पाहून शिक्षकाने वर्गातील गरीब मुलांना असे सांगू नये, की ‘पाहा, त्याने कष्ट केले आणि तो कोट्यधीश झाला; तुमचे बाप कष्ट करीत नाहीत, म्हणून तुम्ही असे.’ चित्रपटातील वीस उमेदवारांपैकी नोकरी एकाला मिळाली. उरलेले एकोणीस काय आळशी होते? चर्चच्या रांगेत ज्याचा क्रमांक येण्यापूर्वीच जागा संपली, त्याचे आपल्या मुलावर प्रेम कमी होते काय? कष्ट गार्डनर यांचे होते, यात संशय नाही. परंतु त्या कष्टांना वाट मिळाली, ती काही दारे उघडी होती म्हणून. एक दार चर्चच्या निवाऱ्याचे, एक पाळणाघराचे, एक पदवी न पाहता माणूस पारखून घेणाऱ्या पेढीचे. यांपैकी एक जरी बंद असते, तरी तेवढ्याच कष्टांचा शेवट निराळा झाला असता. म्हणून शिक्षकाने ‘तुम्ही धावा’ असे सांगून थांबू नये. आपल्या हातातील दार कितपत उघडे आहे, तेही पाहावे.

आणि जो पालक दारिद्र्यातून वर येतच नाही, तो काय हरला? याचे उत्तर मराठी शिक्षकाला परक्या देशात शोधावयास नको. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेला चित्रपट १९५३ मध्ये पडद्यावर आला आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. त्या आईचे दारिद्र्य सरले नाही. कर्जाच्या अपमानातच तिचा अंत झाला. तरी तिला कोणी हरलेली म्हणत नाही. पालकाची थोरवी त्याच्या अखेरच्या शिलकेवरून ठरत नाही. अडचणीच्या दिवसांत त्याने मुलाला काय दिले, यावरून ठरते. गार्डनर श्रीमंत झाले नसते, तरी स्टेशनवरील त्या रात्री ते तेवढेच थोर होते.

या दृष्टीने शाळेकडे वळून पाहिले, तर काही गोष्टी सहज सुधारण्यासारख्या दिसतील. पालकसभा सकाळी अकरा वाजता ठेवली, तर मजुरी करणाऱ्या बापाला त्या सभेची किंमत एक दिवसाच्या रोजाइतकी पडते. तो आला नाही, तर तो उदासीन नव्हे. त्याने हिशेब केला एवढेच. तीच सभा दिवेलागणीनंतर, देवळापुढे वा वस्तीवर घेतली, तर तोच माणूस येतो. ‘उद्या वडिलांना घेऊन ये, त्याशिवाय वर्गात बसू नकोस’ असा निरोप मुलाबरोबर धाडला, तर मूलच येईनासे होते. सहलीची वा संमेलनाची वर्गणी न दिलेल्यांची नावे वर्गात मोठ्याने वाचली, तर लाज मुलाला वाटते, आणि त्याच्याकरवी पालकाचे तोंड बंद होते. पाळणाघरातील तो प्रसंग येथे आठवावा.

ज्यांचा पत्ता बदलतो, अशी मुले तर जिल्ह्याजिल्ह्यांतून आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे निघतात आणि उन्हाळ्यात परततात; वीटभट्टीवरच्या कुटुंबांचेही तेच. त्यांची मुले खोपीत निजतात, फडातून फडात जातात. अशा मुलांचा विचार कायद्याने केलेला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. वयाचा दाखला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला, हेही कारण चालत नाही. मोठ्या वयाचे मूल आले, तर त्याला वयानुरूप वर्गात बसवावयाचे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि त्यांत दुर्बल घटकांतील पालकांना योग्य प्रमाणात स्थान असावे लागते. गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. बाहेर जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ही दारे कायद्याने व शासनाने केलेली आहेत. पण दाराची कडी मुख्याध्यापकाच्या व वर्गशिक्षकाच्या हातात असते. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी ते कार्ड मुलाच्या हाती पोहोचले पाहिजे. गाडी गेल्यानंतर ते कपाटातून निघून काय उपयोग?

कायद्याने होणार नाही, असेही एक काम आहे, आणि ते फक्त शिक्षकालाच करता येते. ज्या मुलाविषयी शेरा लिहावयाचा आहे, त्याच्या घरी त्यापूर्वी एकदा जावे, आणि घरचे माणूस घरी असेल अशा वेळी जावे. जाताना हाती नोंदवही नसावी. काय विचारावे? मूल अभ्यासाला कोठे बसते, तेथे उजेड असतो का. शाळा सुटल्यापासून आई परत येईपर्यंत ते कोणाजवळ असते. धाकट्या भावंडाला कोण सांभाळते. सकाळी पोटात काय असते. एवढे चार-पाच प्रश्न घरच्यासारखे बसून विचारले, तर कित्येक घरांतून एखादी गुहेची गोष्ट ऐकावयास मिळेल. स्वतःला अक्षर न ओळखणारी आई, मुलाने वही उलटी धरली नाही ना, हे पाहण्यासाठी शेजारच्या मुलीला बोलावते, असेही आढळेल. आणि काही घरी खरोखरीची बेफिकिरी आढळेल. दारू आढळेल, मारहाण आढळेल. तेव्हा तसे लिहावे, आणि त्या मुलाला अधिक जपावे. पण ते जाऊन, पाहून लिहावे. शाळेच्या खुर्चीवरून नव्हे.

असे पाहून आलेला शिक्षक रकान्यात निराळे शब्द लिहील. ‘आई सायंकाळी सातनंतर भेटते.’ ‘घरात दिवा नाही, मुलाला शाळेत अर्धा तास बसू द्यावे.’ ‘कुटुंब कारखान्यावर जाणार, त्याआधी कार्ड द्यावे.’ हे शब्द लिहावयास अधिक वेळ लागतो, परंतु त्यांतील प्रत्येकातून पुढचे काम निघते. ‘पालक उदासीन’ या शब्दांतून कोणतेही काम निघत नाही. ते काम संपवून टाकतात.

सॅन फ्रान्सिस्कोतील त्या भिंतीवर एक अक्षर चुकले होते, आणि घाईत असलेल्या एका गरीब बापाला ते दिसले. शाळेच्या नोंदवहीतही कित्येकदा चूक होते. ती एका अक्षराची नसते, माणसाची असते. भिंतीवरची चूक पालकाने दाखविली. नोंदवहीतली चूक दाखविण्यास पालक येणार नाही, कारण ती वही त्याच्या हाती कधी पडत नाही. ती दुरुस्त करणे शिक्षकाच्याच हाती आहे.